दूध संकलन केंद्रांसाठी रस्टडेस्क: सर्व्हरची उभारणी आणि एजीपीएल परवान्याचा पेच

पार्श्वभूमी

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली एक छोटी सॉफ्टवेअर फर्म. दूध संकलन केंद्रांना आणि काही पतसंस्थांना ती स्वतःचे सॉफ्टवेअर विकते आणि त्याची देखभाल करते. दूरच्या संगणकाचा पडदा पाहून तो चालवण्यासाठी या फर्मने रस्टडेस्क हे खुले सॉफ्टवेअर कसे बसवले आणि त्याच्या एजीपीएल परवान्याने (जीपीएल घराण्यातला; बदललेली प्रत वाटली तर तिचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, द्यावा लागतो) कोणता पेच टाकला, त्याची ही हकीकत. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

संकलन केंद्रावरच्या संगणकाला दोन यंत्रे जोडलेली असतात: वजनकाटा आणि दुधातली फॅट व एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) मोजणारा मिल्क अ‍ॅनालायझर. दोन्ही सिरियल केबलने बोलतात. नव्या संगणकांना सिरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर येतो. बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. झाडलोट करताना कोणीतरी कन्व्हर्टर काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावतो, विंडोज त्याला नवा क्रमांक देते, कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर कॉम ३ वरच आकड्याची वाट पाहत बसते. मग सकाळी सव्वासहाला सेक्रेटरींचा फोन येतो, "सर, फॅट येईना झालंय, रांग लागलीया."

दुरुस्ती दोन मिनिटांची असते. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जायचे, जुना क्रमांक परत द्यायचा. पण त्यासाठी तो पडदा फर्मच्या तंत्रज्ञाला दिसला पाहिजे. फोनवर सांगून हे काम होत नाही आणि गाडी काढून जावे तर तोवर संकलन संपलेले असते. त्या दिवशीची फॅट हाताने लिहावी लागली की दहा दिवसांच्या बिलात घोळ होतो आणि त्याचा राग उत्पादक सेक्रेटरींवर काढतात. त्यामुळे रिमोट डेस्कटॉप ही इथे चैनीची बाब नाही.

केंद्रांवरची इंटरनेट जोडणी मोबाइल हॉटस्पॉटची किंवा फायबरची. दोन्हींत केंद्राला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता क्वचितच मिळतो, कारण कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. संगणक बहुतेक विंडोज १० चे, पण काही ठिकाणी अजूनही विंडोज ७ आणि तेही ३२-बिट.

अडचण

फर्म एका रिमोट सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती सगळीकडे चालवत होती. व्यावसायिक वापर त्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हता. कंपनीच्या यंत्रणेने हा वापर ओळखला आणि जोडणी काही मिनिटांत तुटू लागली, नेमकी संकलनाच्या वेळेला. यात त्या कंपनीला दोष देता येत नाही. अट स्पष्ट होती आणि फर्म ती मोडत होती.

दुसरी अडचण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. सगळ्या केंद्रांना एकच कायम पासवर्ड दिलेला होता आणि काम सोडून गेलेल्या माणसांनाही तो ठाऊक होता.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: त्याच सॉफ्टवेअरचा व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा. वार्षिक वर्गणी फर्मला झेपली असती, पण एकाच वेळी किती तंत्रज्ञ जोडणार यावर दर वाढत होता आणि सकाळी सहा ते आठ या दोन तासांत सगळेच तंत्रज्ञ जोडलेले असतात.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप लगेच बाद झाला. ज्या संगणकावर जायचे त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. शिवाय बाहेरून आत शिरताच केंद्रावरचा पडदा कुलूपबंद होतो. समोर बसलेल्या ऑपरेटरला काय चालले आहे ते दिसत नाही आणि मोजणी थांबते. त्याचा ३३८९ हा पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचे दार) इंटरनेटवर उघडा टाकणे तर कोणी करूच नये.

व्हीएनसी (दूरचा पडदा पाहण्याची एक जुनी पद्धत) कुळातली साधने, म्हणजे टाइटव्हीएनसी किंवा अल्ट्राव्हीएनसी, वायरगार्ड या व्हीपीएनच्या कूटबद्ध बोगद्यातून चालवता आली असती. ही सगळी मुक्त आहेत. केम्ब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत जन्मलेले व्हीएनसी जीपीएल परवान्याखाली खुले झाले, म्हणूनच त्याच्या इतक्या शाखा निघाल्या. मात्र व्हीएनसीची मूळ पासवर्ड पद्धत आठ अक्षरांपुढचे वाचत नाही आणि टाइटव्हीएनसी पडद्याचे चित्र कूटबद्ध न करता पाठवते. म्हणजे सगळी सुरक्षा बोगद्यावर आली आणि प्रत्येक केंद्रावर दोन गोष्टी बसवाव्या, जपाव्या लागल्या असत्या.

मेशसेंट्रल हे स्वतःच्या सर्व्हरवरून दूरचे संगणक सांभाळायचे साधन हा खरा तुल्यबळ पर्याय होता. त्याचा परवाना अपाचे २.० आहे. मूळ सूचना आणि परवान्याची प्रत सोबत ठेवली की बदललेली प्रत बंद ठेवूनही वाटता येते. एजंटवर (केंद्रावरच्या संगणकात बसणाऱ्या प्रोग्रॅमवर) आपल्या कंपनीचे नाव घालण्याची सोय त्याच्या सेटिंग फाइलमध्येच आहे. सगळी वाहतूक ४४३ पोर्टवरून जाते, त्यामुळे फायरवॉलची कटकट कमी. पण त्याचा एजंट फार ताकदीचा आहे. पडद्याबरोबर सिस्टिम पातळीवरचे टर्मिनल आणि फाइलीही तो सर्व्हरच्या हाती देतो. मेशसेंट्रलचा एक सर्व्हर फुटला की सगळी केंद्रे एकदम उघडी पडतात. फर्ममध्ये सर्व्हर सांभाळणारा माणूस एकच, तोही अर्धवेळ. हे वजन त्याच्यावर टाकणे योग्य नव्हते.

उरले रस्टडेस्क. क्लायंट (प्रत्येक संगणकावर बसणारा प्रोग्रॅम) आणि साधा सर्व्हर दोन्ही एजीपीएल ३ खाली खुले, सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो, वापरण्याची पद्धत आधीच्या सॉफ्टवेअरसारखीच: नऊ-दहा आकडी ओळख क्रमांक आणि पासवर्ड. सर्व्हरची एक सशुल्क प्रो आवृत्तीही आहे, तिचा सोर्स खुला नाही. पत्तापुस्तिका, लॉगिन, जोडण्यांची नोंद आणि स्वतःच्या नावाचा क्लायंट तयार करून देणे या गोष्टी प्रोमध्ये आहेत. फर्मने साधा सर्व्हर निवडला. निवड चांगली होती, पण ती परवाना न वाचता झाली.

लोगो बदललेली प्रत

मालकांना क्लायंटवर फर्मचे नाव हवे होते. प्रोग्रॅमरने रस्टडेस्कचा सोर्स झिप स्वरूपात उतरवला, एचबीबी-कॉमन या उपसंचातल्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि त्याची ओळख पटवणारी सार्वजनिक किल्ली पक्की लिहिली, चिन्हे आणि नाव बदलले, रस्ट (प्रोग्रॅमिंगची भाषा), फ्लटर (पडद्याची मांडणी करणारे साधन) आणि व्हीसीपीकेजी (व्हिडिओ-ध्वनीच्या लायब्रऱ्यांसाठी, म्हणजे तयार कोडच्या संचांसाठी) बसवून विंडोजसाठी फाइल बांधली. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून अकरा केंद्रांना आणि एका पतसंस्थेला गेली. सोबत परवान्याची प्रत नाही, सोर्सचा दुवा नाही, आणि 'आमच्याविषयी' या खिडकीतला मूळ कॉपीराइटचा उल्लेखही पुसलेला.

तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. फाइलवर डिजिटल सही नसल्याने विंडोजचा स्मार्टस्क्रीन आणि अँटिव्हायरस तिला अडवू लागले. सेक्रेटरींना "अधिक माहिती, तरीही चालवा" असे दाबायला शिकवावे लागले, आणि ही सवय कोणत्याही ग्राहकाला लावू नये. मग पतसंस्थेच्या सिस्टिम ऑडिटरने विचारले की हा सही नसलेला, कायम चालू राहणारा प्रोग्रॅम कुठून आला आणि त्यात काय आहे. आणि एका केंद्रावरच्या संगणक शिकलेल्या मुलाने तो रस्टडेस्कच आहे हे ओळखून लेखी विचारले, "याचा बदललेला सोर्स कुठे मिळेल?"

परवान्यावरचा वाद

मालकांचे म्हणणे असे: सॉफ्टवेअर मोफत आहे, जगाला दिले आहे, मग लोगो बदलला तर बिघडले कुठे? प्रोग्रॅमरची भीती नेमकी उलट होती. एजीपीएलला हात लावला की फर्मचे व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले संकलन सॉफ्टवेअरही खुले करावे लागेल. सल्ला विचारलेल्या वकिलांनी काखा वर केल्या: जीपीएल नाव असलेले काहीच वापरू नका.

तिन्ही भूमिका चुकल्या, कारण तिघांनीही परवाना सॉफ्टवेअरला चिकटलेला मानला. जीपीएल घराण्याचे परवाने तुम्ही सॉफ्टवेअरचे काय करता त्याला लागू होतात. प्रश्न एकच विचारायचा असतो: दुसऱ्याच्या हाती काय गेले, आणि ते मूळचे होते की बदललेले? या प्रश्नाने फर्मची सगळी कामे चार गटांत विभागली.

पहिला गट, स्वतःच्या सर्व्हरवर न बदललेला सर्व्हर प्रोग्रॅम चालवणे. कलम २ नुसार जे तुम्ही दुसऱ्याला देत नाही ते चालवायला कोणतीही अट नाही. एजीपीएलचे वेगळेपण ज्या कलम १३ मध्ये आहे, ते म्हणते की प्रोग्रॅम बदलला आणि लोक नेटवर्कवरून त्याच्याशी संपर्कात आले, तर त्या लोकांना बदललेला सोर्स मिळण्याची ठळक सोय करा. बदल नसेल तर हे कलम जागे होत नाही. एजीपीएल ३ नोव्हेंबर २००७ मध्ये आले ते हीच फट बुजवायला: सर्व्हरवर बदल करायचे आणि प्रत कोणाला दिलीच नाही म्हणून सोर्स लपवायचा.

दुसरा गट, ग्राहकाने स्वतः अधिकृत पानावरून क्लायंट उतरवणे. इथे फर्म काही वाटतच नाही. तंत्रज्ञ केंद्रावर जाऊन, केंद्राच्या संगणकावर, त्यांच्या सांगण्यावरून तीच फाइल उतरवतो तेव्हाही ते याच गटात बसते, असे फर्मने धरले. पण काठावरची बाब असल्याने बसवणीच्या पावतीवर परवान्याचे नाव आणि सोर्सचा पत्ता छापायचे ठरले. एका ओळीच्या शाईत शंका मिटते.

तिसरा गट, तीच अधिकृत फाइल पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देणे. फाइल बदललेली नसली तरी हे वाटप आहे. कलम ६ नुसार सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. डाउनलोडच्या पानावर फाइलशेजारी मूळ प्रकल्पाच्या सोर्सचा स्पष्ट पत्ता दिला तर चालते, पण तो सोर्स तिथे उपलब्ध राहील याची जबाबदारी वाटणाऱ्याची. इथे बहुतेक लोक गाफील असतात. "आम्ही काही बदलले नाही" हे कलम १३ साठी उत्तर आहे, कलम ६ साठी नाही.

चौथा गट, बदललेली प्रत वाटणे. बदल केल्याची तारखेसह नोंद, मूळ कॉपीराइट सूचना, परवान्याची प्रत आणि बांधणीच्या स्क्रिप्टसह पूर्ण जुळणारा सोर्स, हे सगळे द्यावे लागते. लोगो बदललेली फाइल याच गटातली होती आणि यातले काहीच दिले गेले नव्हते.

प्रोग्रॅमरची भीती मात्र खोटी ठरली. एकाच संगणकावर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी असणे म्हणजे परवान्याच्या भाषेत नुसता संच, त्याने दुसरा प्रोग्रॅम एजीपीएलखाली येत नाही. त्याला संकलन सॉफ्टवेअरमध्ये 'मदत हवी' असे बटण द्यायचे होते. बटण दाबल्यावर आधीच बसवलेला रस्टडेस्क वेगळी प्रक्रिया म्हणून सुरू होत असेल तर दोन्ही वेगळेच राहतात. रस्टडेस्कची लायब्ररी फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये जोडून त्याच खिडकीत पडदा दाखवायचा, असा त्याचा मूळ बेत होता. तो बेत केला असता तर दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम तयार झाला असता आणि भीती खरी ठरली असती. बटण राहिले, लायब्ररी जोडणे रद्द झाले.

आणखी एक बारकावा ३२-बिट संगणकांमुळे पुढे आला. रस्टडेस्कचा आताचा पडदा फ्लटरमध्ये आहे, पण ३२-बिट विंडोजसाठीची अधिकृत फाइल जुन्या सायटर या लायब्ररीवर चालते. सायटरचा सोर्स त्या प्रकल्पासोबत येत नाही, ती तयार बायनरी स्वरूपात येते. मूळ प्रकल्प स्वतःच्या कोडचा मालक असल्याने त्याने काय जोडावे हा त्याचा अधिकार. तिसऱ्याने मात्र ती बांधणी बदलून वाटली, तर "पूर्ण जुळणारा सोर्स" द्यायचा कुठून? म्हणून विंडोज ७ च्या संगणकांसाठी नियम कडक झाला: फाइल फक्त अधिकृत पानावरून, फर्मकडून कधीच नाही.

आधीच वाटलेल्या प्रतींचे काय

मालकांचा पहिला विचार होता की जुनी फाइल सगळीकडून काढली की विषय संपला. तसे होत नाही. वाटप थांबवल्याने पुढचे उल्लंघन थांबते. ज्यांच्या हाती प्रत गेली त्यांना सोर्स देणे बाकीच राहते. कलम ८ दिलासा देते. उल्लंघन पूर्ण थांबवले की परवाना तात्पुरता परत मिळतो, आणि कॉपीराइटधारकाने ६० दिवसांत हरकत कळवली नाही तर कायमचा. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली तरीही परवाना टिकतो. त्या मुलाचे पत्र ही कॉपीराइटधारकाची नोटीस नव्हती. फर्मने नोटिशीची वाट पाहिली नाही, हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय.

काम सोपे नव्हते. प्रोग्रॅमरकडे बदललेले फोल्डर होते, पण झिपमधून उतरवल्यामुळे ते नेमक्या कोणत्या कमिटवरचे (सोर्समधल्या बदलांच्या कोणत्या नोंदलेल्या टप्प्यावरचे) हे कुठेच लिहिलेले नव्हते. नुसते फोल्डर पुरत नाही, कारण फ्लटरची आवृत्ती आणि व्हीसीपीकेजीचा नेमका टप्पा मूळ प्रकल्पाच्या स्वयंचलित बांधणीच्या फाइलमध्ये नोंदलेले असतात आणि ते वेळोवेळी बदलतात. 'आमच्याविषयी' खिडकीत बांधणीची तारीख दिसत होती. त्या तारखेच्या आधीचे एकेक कमिट उतरवून ते बदललेल्या फोल्डरशी गिटच्या (सोर्समधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनाच्या) तुलनेने ताडून पाहिले. ज्या कमिटवर फक्त कॉन्फिग, चिन्हे आणि नावाच्या फाइली वेगळ्या निघाल्या, तोच मूळ. त्यावर बदलांची शाखा करून, तारखेसह नोंद लिहून, बांधणीच्या पायऱ्या जोडून ती सार्वजनिक भांडारात ठेवली आणि बाराही ठिकाणी दुवा लेखी कळवला. बदललेल्या सोर्समध्ये सर्व्हरची सार्वजनिक किल्ली होती. तिने काही बिघडत नाही, ती सार्वजनिकच असते. खाजगी किल्ली सर्व्हरवरच राहिली होती.

सर्व्हरची उभारणी

सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला, एक कोअर आणि १ जीबी मेमरीचा, उबंटूवर. यापेक्षा मोठा लागत नाही, कारण रिले (दोन संगणकांमधली वाहतूक मध्ये घेऊन पुढे देणारा) सर्व्हर चित्र उलगडत नाही, नुसते पुढे ढकलतो. मोजायची ती बँडविड्थ. रिलेमधून जाणारी एक जोडणी पडद्यावरच्या हालचालीनुसार सेकंदाला ३० केबी ते ३ एमबी खाते, ऑफिसच्या साध्या कामाला सुमारे १०० केबी.

प्रोग्रॅम दोन. एचबीबीएस ओळख क्रमांकांची नोंद ठेवतो आणि दोन संगणकांची गाठ घालून देतो, एचबीबीआर थेट जोडणी न झाल्यास रिले करतो. दोन्ही डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात), नेटवर्क मोड 'होस्ट' ठेवून. हा मोड नसेल तर सर्व्हरला प्रत्येक क्लायंटचा पत्ता डॉकरचा अंतर्गत पत्ता म्हणून दिसतो आणि थेट जोडणीचे गणित चुकते. होस्ट मोडचा दुसरा फायदा असा की उबंटूची फायरवॉल खरोखर लागू होते. एरवी डॉकर तिला वळसा घालतो.

टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. पोर्ट उघडले ते असे: टीसीपी २१११५, २१११६, २१११७ आणि यूडीपी २१११६. वेब क्लायंट वापरायचा नसल्याने २१११८ आणि २१११९ बंद, प्रोच्या नियंत्रण पानाचा २१११४ ही बंद. पहिल्या दिवशी काहीच जोडले जाईना. कारण यूडीपी २१११६ उबंटूवर उघडला होता, पण सर्व्हर देणाऱ्याच्या पानावरची वेगळी फायरवॉल फक्त टीसीपी सोडत होती. नोंदणी आणि 'मी जिवंत आहे' हा संदेश यूडीपीवरून जातो. तो अडला की क्लायंटच्या तळाशी हिरवा ठिपका येतच नाही. असे दिसले तर आधी यूडीपी तपासावा.

पहिल्यांदा सुरू होताना सर्व्हर ईडी-२५५१९ प्रकारची किल्लीची जोडी तयार करतो. खाजगी किल्लीची फाइल आणि ओळख क्रमांकांचा एसक्यूलाइट डेटाबेस यांची प्रत सर्व्हरबाहेर दोन ठिकाणी ठेवली. किल्ली हरवून नवी तयार झाली तर प्रत्येक क्लायंट 'किल्ली जुळत नाही' म्हणून नाकारला जातो आणि प्रत्येक केंद्रावर पुन्हा जावे लागते. किल्ली सक्तीची ठेवली, नाहीतर कोणीही परका आपला रिले फुकट वापरतो. क्लायंटमध्ये आयपी पत्त्याऐवजी डोमेनचे नाव दिले. पुढे सर्व्हर हलवला तर डीएनएसमधली (डोमेनचे नाव आणि पत्ता जोडणाऱ्या नोंदीतली) एक ओळ बदलून भागते.

क्लायंटला पत्ता आणि किल्ली द्यायची एक प्रसिद्ध युक्ती म्हणजे फाइलच्या नावातच ती घालणे. पण किल्लीत तिरकी रेघ आली तर विंडोज ते नाव घेत नाही, आणि अशी नाव बदललेली फाइल पाठवणे म्हणजे वर सांगितलेला तिसरा गट. म्हणून फर्मने एकदा सेट केलेल्या क्लायंटमधून सेटिंगचा मजकूर काढला. केंद्रावर अधिकृत, सही असलेली फाइल बसवायची, नेटवर्क सेटिंगमध्ये तो मजकूर चिकटवायचा. फाइल मूळची राहते, स्मार्टस्क्रीनची तक्रार कमी होते आणि ऑडिटरला सही दाखवता येते. परवान्याचे उत्तर आणि सुरक्षेचे उत्तर इथे एकच निघाले.

प्रत्येक केंद्रावर आणखी पाच कामे होती. प्रोग्रॅम नुसता चालवायचा नाही, बसवायचा. न बसवलेल्या प्रतीला विंडोजची परवानगी विचारणारी खिडकी दाबता येत नाही आणि डिव्हाइस मॅनेजर तिथेच अडतो. झोपेची सेटिंग बंद. बायोसमध्ये वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी सोय, कारण भारनियमन पहाटेचेही असते. वेगळा कायम पासवर्ड, कीपासएक्ससी या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदवलेला. आणि जिथे आधी कोणी रस्टडेस्क १.२.३ बसवला होता तिथे विंडोजच्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीतून डब्ल्यूडीके टेस्ट सर्ट नावाचे प्रमाणपत्र शोधून काढून टाकायचे. आभासी पडद्याच्या ड्रायव्हरसाठी त्या आवृत्तीने ते तिथे टाकले होते आणि २०२४ मध्ये सुरक्षेतल्या त्रुटींच्या सीव्हीई या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-२५१४० या क्रमांकाने त्याची नोंद झाली. खुला सोर्स असूनही असे घडते, पण खुला असल्यामुळेच ते बाहेरच्यांना शोधता येते आणि त्यावर उघड वाद घालता येतो.

परिणाम

संकलनाच्या वेळी जोडणी तुटणे थांबले. मोबाइल हॉटस्पॉटवरच्या केंद्रांत थेट जोडणी क्वचित होते, बहुतेक वाहतूक रिलेतूनच जाते, पण सर्व्हर मुंबईत असल्याने माउस ओढल्यासारखा जड वाटत नाही. चित्राचा दर्जा कमी करून वेग निवडला की कमकुवत सिग्नलवरही कॉम पोर्ट बदलता येतो.

पतसंस्थांसाठी वेगळा नियम झाला: कायम पासवर्ड नाही, समोरच्याने स्वतः 'स्वीकारा' दाबल्याशिवाय आत जाता येणार नाही. संकलन केंद्रावर हा नियम लावला नाही, कारण तिथे ऑपरेटरचे हात वजनकाट्यावर असतात. हा तडजोडीचा निर्णय आहे आणि केंद्राच्या सेक्रेटरींची लेखी संमती घेऊनच तो लागू केला.

साध्या सर्व्हरमध्ये कोणत्या तंत्रज्ञाने कोणत्या केंद्राशी कधी जोडले याची नीट नोंद नसते. एचबीबीएसमध्ये बदल करून ती मिळवावी असे सुचवले गेले. तसे केले असते तर कलम १३ जागे झाले असते आणि प्रत्येक केंद्राला बदललेल्या सर्व्हरचा सोर्स उघडपणे द्यावा लागला असता. ते अशक्य नव्हते, पण एका नोंदीसाठी स्वतःची शाखा कायम सांभाळणे या फर्मच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून नोंद तिकिटांच्या वहीत हाताने, आणि डॉकरचे लॉग १८० दिवस भारतातल्याच साठवणीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉगसाठी हीच मुदत आहे.

वेगळे काय करता आले असते

मालकांना नाव हवे होते ते ग्राहकाला ओळख पटावी म्हणून. ही गरज खरी होती: अनोळखी नावाचा प्रोग्रॅम पडदा मागतो तेव्हा शहाण्या माणसाने नाहीच म्हणावे. पण ती गरज 'मदत हवी' या बटणाने आणि केंद्राच्या भिंतीवर लावलेल्या कागदाने भागली. त्या कागदावर प्रोग्रॅमचे खरे नाव, फर्मचा फोन आणि "आम्ही फोन केल्याशिवाय कोणालाही क्रमांक सांगू नका" ही ओळ आहे. रिमोट सॉफ्टवेअरच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांचे फोन खेड्यांतही येतात, म्हणून हा कागद पहिल्या दिवसापासून हवा होता.

नाव बदललेला क्लायंट खरोखरच अटळ असता तर दोन स्वच्छ मार्ग होते. एक, प्रो आवृत्ती विकत घेऊन तिच्यातून तो तयार करून घेणे. दोन, स्वतः बांधायचा, पण पहिल्या दिवसापासून गिटच्या शाखेवर, झिपवर नाही. प्रत्येक वाटलेल्या फाइलला टॅग लावून, सोर्सचा दुवा 'आमच्याविषयी' खिडकीत ठेवून आणि कोड सहीचे प्रमाणपत्र विकत घेऊन. दुसऱ्या मार्गाला दर नव्या आवृत्तीमागे बांधणीचे काम कायमचे लागते, आणि सुरक्षेची दुरुस्ती मूळ प्रकल्पात आली की ती त्याच आठवड्यात आपल्या प्रतीत यायला हवी. सात माणसांच्या फर्मने हे पत्करू नये.

त्या मुलाच्या पत्राला पहिले उत्तर फोनवर आणि चढ्या आवाजात गेले होते. तिथेच लेखी पोच देऊन पंधरा दिवसांची मुदत मागितली असती तर केंद्राच्या कार्यकारिणीपर्यंत विषय गेला नसता. आता फर्मकडे अशा विचारणेसाठी ठरलेला नमुना आहे: कोणती फाइल, कोणती आवृत्ती, सोर्स कुठे, उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत.

विंडोज ७ चे संगणक मात्र अजून बदललेले नाहीत. सायटरवरची ३२-बिट फाइल अधिकृत पानावर मिळते तोवर ते चालतील. संगणक बदलायचा खर्च केंद्राने करायचा की फर्मने वार्षिक देखभालीत धरायचा, ही बोलणी चालू आहेत.